क्षीरसागर शेवटी

दौलतगंजातल्या वाचनालयाची सभासद-यादी
पौषातल्या धुकट सकाळी फळ्यावर लागली.
क्षीरसागर आले. मफलर न सोडता
थेट शेवटच्या पानावरचं शेवटचं नाव वाचलं:
हेर्लेकर.
पुन्हा वाचलं. मग माझ्या टेबलाशी येऊन
हळूच विचारलं, "वर्गणी तर भरली होती.
मी गेलो का?"

गेले नव्हते. पहिल्याच पानावर होते,
कोल्हटकर आणि खरे यांच्यामध्ये अंग चोरून.
यंत्राला क्ष दिसत नाही. त्याला दिसतो
पाय मोडलेला क, आणि त्याच्या मागे कुणीतरी ष.

एक्याऐंशी वर्षांचा माणूस.
जनकगंजच्या शाळेत ह संपून हजेरी त्यांच्यापर्यंत पोचायची
तेव्हा मास्तरांचा घसा बसलेला असायचा.
"वरच्या पानांत मी स्वतःला कधी शोधलंच नाही, बाई."

सर्व्हर आमचा इंजिनीअरिंग कॉलेजने मोडीत काढलेला,
युनिक्सच्या घराण्यातला, बोलणं मोजकं.
ज्याला काहीच सांगितलेलं नसतं
त्याचा मुलूख एकच: सी.
तिथे वार, रुपया, होकार सगळं परक्या घरचं
आणि वर्णमाला म्हणजे नुसती आकड्यांची रांग.
मराठीचा म्हणून एक तयार मुलूख होता त्याच्या पोटात.
घालून पाहिला. बाह्या लांब, गळा घट्ट.
रात्री नऊला कोरी फाइल उघडली
आणि तिला नाव दिलं: लष्कर.

पैशांचं सोपं गेलं. हजारांनंतर दोन-दोन आकड्यांवर स्वल्पविराम,
म्हणजे लाख लाखासारखा दिसतो.

मग फाइलीने विचारलं, तुमच्याकडे होकार कसा देतात?
घरात हो. बाजारात हाँ.
सायकल-स्टँडवरचा बुंदेली रामसेवक म्हणतो हओ.
मी एकच अक्षर लिहिलं, ह. तिघंही त्यात मावले.
नकाराला न: नाही, नहीं, नको.
हात झटकणार, तेवढ्यात आठवलं
नक्की.
इतका ठाम होकार, आणि उभा नकाराच्या दारात.
बराच वेळ बसून राहिले. गजकचा तुकडा तोंडात विरघळला.
नियम तसाच ठेवला.

महिन्यांची नावं बारा, इंग्रजी, मराठी वळणाची.
पण आमचा पितृपंधरवडा भाद्रपदातला,
आणि भिंतीपलीकडे दुबेंच्या घरी तोच आश्विनातला.
तीच तिथी, तीच खीर, तेच कावळे दोन्ही गच्च्यांवर.
यासाठी फाइलीत रकानाच नाही.
मी टिप्पणी म्हणून लिहून ठेवलं. टिप्पणी यंत्र वाचत नाही.

सगळ्यात शेवटी क्रम.
ळ उचलून ह-च्या मागे नेला.
मग शपथेवर सांगितलं: क, हलन्त, ष,
हे तिघं मिळून एक गृहस्थ आहेत,
यांना एकाच खुर्चीवर बसवावं, ळ-च्या पुढे.
ज्ञ-चंही तसंच, त्याच्याही पुढे.

लोकेलडेफ चालवलं.
ओळ एकशे सेहेचाळीस: अज्ञात चिन्ह.
एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं होतं.
पुन्हा चालवलं. ओळ एकशे सत्तेचाळीस.
पुन्हा.
मग काहीच आलं नाही. या घराण्यात
काम झालं की कुणी बोलत नाही.

शनिवारी नवी यादी. क्षीरसागर आले,
पानं उलटली, बोट सवयीने तळाशी नेलं
आणि थांबले.
"हा माझ्या खाली कोण?"
ज्ञानमोठे, म्हटलं. बँकेत आहेत, साताऱ्याहून बदलून आलेत.
चष्मा कपाळावर गेला. सत्तर वर्षांत
त्यांच्यानंतर कुणी हजर म्हटलं नव्हतं.
"राहणार आहे इथे, की जाईल?"
घर बघताहेत, माधोगंजात.
"नक्की?"
मी शब्द निवडून म्हणाले, हो.